शेताचा खर्च, नाल्याच्या नावे

चंद्रपूरचे नाव निघाले की प्रदूषणाचा विषय निघतोच. वीज केंद्राची धुराडी, कोळशाच्या खाणी, घराघरांत शिरणारी काळी धूळ. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथे आले होते. धुराडे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलता येते. नाल्यात उतरणारे शेतातले पाणी मात्र हिरव्यागार धानातून येते. त्याच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही.

वरोरा, राजुरा, कोरपन्याकडे काळ्या मातीत कापूस आणि सोयाबीन. नागभीड, ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत धानाच्या बांध्या. एकीकडचे पाणी वर्धा नदीला जाते, दुसरीकडचे वैनगंगेला, आणि चपराळ्याजवळ दोघी मिळून प्राणहिता होतात. जंगलातून येणारा नाला पालापाचोळ्यातून गाळून येतो. शेतातून येणारा नाला शेतात जे टाकले ते घेऊन येतो.

युरियात ४६ टक्के नत्र असते. बांधीत टाकलेल्या नत्रापैकी बहुधा निम्म्याहून कमीच धानाच्या वाट्याला येते. उरलेले हवेत उडते, जमिनीत झिरपते, पाण्याबरोबर वाहून जाते. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून गाळाबरोबर जाते. मग नाल्याच्या डोहात शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. विहिरीत झिरपलेल्या नत्राचे नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लीटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेले दूध तान्ह्या बाळाला पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते. आणि आयाबायांनी लक्षात ठेवावे, उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते, तसे त्याचे प्रमाण उलट वाढते.

कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकांची भर पडते. २०१७ साली वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. पण फवारणीचा पंप आणि रिकामे डबे नाल्यावर धुतले जातात, तेव्हा बातमी होत नाही.

शेतकऱ्याला आरोपी करून मोकळे होणे सोपे आहे. पण २०१० साली स्फुरद-पालाशाच्या खतांच्या किमती मोकळ्या झाल्या आणि युरिया तेवढा स्वस्त राहिला. हात युरियाच्याच गोणीकडे वळणार, यात नवल ते काय? १९७४ चा जलप्रदूषण कायदाही कारखान्याच्या सांडपाण्याला पकडतो. शेताला पकडण्याजोगे एक तोंड नसते, हजार असतात.

मीही या व्यवहारातला आहे. बँकेत असताना मी पीककर्जे मंजूर केली. अर्जात बियाणे, खत, औषध, मजुरी अशा साऱ्यांना रकाना होता. नाल्याला नव्हता, आणि तो नसल्याचे मला कधी खटकलेही नाही. त्या नाल्यात मासे धरणारे धीवर, काठच्या झिऱ्यातून पाणी भरणाऱ्या बाया, यांची कुठल्याही कागदावर सही नव्हती. तरी शेताच्या खर्चाला तेच जामीन राहिले होते.

उपाय फार महागडे नाहीत. युरिया एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत द्यावा आणि जोरदार पावसाच्या तोंडावर देऊच नये. खत दिल्यावर काही दिवस बांधीचे तोंड बंद ठेवावे. नाल्याकाठी गवत आणि झुडपांचा पट्टा न नांगरता राखावा. शेताचे पाणी आधी बोडीत उतरू द्यावे. तिथे बसलेला गाळ उन्हाळ्यात उपसून पुन्हा शेतात घालता येतो. पंप नाल्यावर धुऊ नये.

पट्टा राखायचा म्हणजे चार ओळी पीक सोडावे लागते. लहान शेतकऱ्याने ते एकट्याने का सोसावे? युरियावर सरकार इतका पैसा खर्च करते, त्यातला थोडा या पट्ट्यासाठी द्यायला काय हरकत आहे? पीककर्जाच्या अर्जात आता एक रकाना वाढवायला हवा. नाल्याच्या नावे आजवर खर्चच पडत आला आहे; जमेच्या बाजूला एकदा तरी काही लिहिले जावे.