दांड्याची लांबी

आमचा भाचा अमेरिकेंत डेट्रॉइटनजीक राहतो. गेल्या महिन्यांत त्याचें पत्र आलें. त्यांत घरचें कुशल दोन ओळींत आटोपून पुढें चार पानें मोटारीच्या इंजिनाचाच विचार होता. "मामा, भूमिति तुम्हींच शिकविलीत, आतां हें उदाहरणहि तुम्हींच सोडवा," असा शेवटीं आग्रह! शब्दरूपावलि घोकण्यांत जन्म गेलेल्या आमच्याकडे असें पत्र यावें हें विचित्र खरें. पण उदाहरण खरोखरच भूमितीचें निघालें, म्हणून तें वाचकांपुढें ठेवतों.

मोटार १९७२ सालची शेव्हरोले. आमच्या मेहुण्यांनीं ती जुनी विकत घेऊन पुढें कित्येक वर्षें स्वतःच्या हातानें राखली. ते निवर्तल्यावर ताईनें ती विकावयाचें ठरविलें. "इंजिन चालूं करून दाखवितों, मग बोल," असें म्हणून चिरंजीवांनीं दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली. मूळ इंजिन ३५० घन इंचांचें. नळकांडीं किंचित् रुंद करून व मोठ्या धांवेचा क्रँक घालून तें ३८३ घन इंचांचें करावयाचें, असा बेत. त्या देशांत हा बेत हौशी लोक नेहमीं करतात.

पायानें चालणाऱ्या शिवणयंत्राची फळी व चाक यांस जोडणारी लोखंडी काडी आमच्या वाचकभगिनींच्या परिचयाची आहे. इंजिनांत तेंच काम कनेक्टिंग रॉड करतो. खालीं क्रँक गरगर फिरतो, वर दट्ट्या, म्हणजे मिस्त्रीलोकांचा पिस्टन, वरखालीं होतो, आणि मधला दांडा दोघांना बांधून ठेवतो. या इंजिनासाठीं तीन लांबींचे दांडे मिळतात: ५.५६५, ५.७ व ६ इंच. दांडा जितका लांब तितका तो कमी कलतो, व पिस्टन नळकांड्याच्या भिंतीवर कमी रेलतो, हें तत्त्व खरें आहे. कोणा स्नेह्यानें तें सांगितल्याबरोबर भाच्यानें ६ इंची दांडे मागविले. पिस्टन दुसऱ्या दुकानाचे. डब्यावर "३८३ साठीं" एवढेंच लिहिलेलें. जोडून पाहतो तों पिस्टन ठोकळ्याच्या माथ्यावर पाव इंचाहून अधिक बाहेर!

वास्तविक ही निव्वळ बेरीज होती. क्रँकच्या मध्यापासून ठोकळ्याच्या माथ्यापर्यंत ९.०२५ इंच. त्यांत तीन गोष्टी बसवावयाच्या: धांवेचा अर्धा भाग, दांडा, आणि पिस्टनच्या खिळीपासून त्याच्या डोक्यापर्यंतची उंची. धांव ३.७५ इंच, म्हणून तिचा अर्धा भाग १.८७५. आलेल्या पिस्टनची उंची १.४२५. मग ६ इंची दांड्यासह बेरीज ९.३ होते, ५.७ इंची दांड्यासह बरोबर ९. लांब दांड्याला १.१२५ इंच उंचीचा पिस्टन हवा होता. दुकानदारानें विचारलें नाहीं, आणि यानेंहि सांगितलें नाहीं.

आतां परत काय करावें, पिस्टन कीं दांडे? आम्हीं पाटी घेऊन बसलों. धांवेचा अर्धा भाग भुज, दांडा कर्ण. ५.७ इंची दांडा फार तर १९.२ अंश कलतो, ६ इंची १८.२ अंश. फरक एका अंशाचा! माथ्यावर पोंचतांना पिस्टनला बसणारा हिसका मोजला, तर तो लांब दांड्यानें जेमतेम सव्वा टक्का कमी होतो. उलट बुटक्या पिस्टनांत खिळीचें भोंक वर सरकून तेलाच्या रिंगेच्या खांचेंत शिरतें, व तेथें आधाराची निराळी पट्टी घालावी लागते. ५.५६५ इंची दांडा तर १९.७ अंश कलतो; तरीहि १९७० सालीं निघालेल्या ४०० घन इंची इंजिनांत कंपनीनें स्वतः तोच घातला होता. रस्त्यावरच्या मोटारीसाठीं या एका अंशापायीं एवढा खटाटोप कशाला? शर्यतीची गोष्ट वेगळी, आणि शर्यत लावण्याचें भाच्याचें वय राहिलेलें नाहीं.

शिवाय पत्रांतील एक वाक्य आमच्या मनांतून जाईना. मेहुण्यांच्या जुन्या इंजिनांतून काढलेले आठहि दांडे ५.७ इंचीच होते, आणि ते त्यानें पुसून कपड्यांत गुंडाळून ठेवले होते.

आम्हीं लिहिलें: नवे दांडे परत कर, पिस्टन ठेव. जुने दांडे वापरावयाचे तर आधीं भेगा तपासून घे, बोल्ट नवे घाल, आणि सर्व जोडल्यावर क्रँक हातानें फिरवून दांड्याचे बोल्ट कॅमशाफ्टला किंवा ठोकळ्याला कोठें घासत नाहींत ना, हें डोळ्यांनीं पाहा.

परवां उत्तर आलें. आठांपैकीं दोन दांड्यांना केसाएवढी भेग निघाली. त्यानें ५.७ इंची नवा संच घेतला. जुने दांडे ताईनें मागून घेतले आहेत. कशासाठीं, तें तिनें त्याला सांगितलें नाहीं.