शाळा बंद, शिवार चालू; पोरांचा हिशेब मात्र बाकी

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. गावात त्याच्या बरेच आधी मास्क खुंटीला लागले होते. आता ग्रामसभेत कोरोनाचे नाव कोणी काढत नाही. पाणी, पाणंद रस्ता, घरकुल, पीकविमा हेच विषय चालतात आणि ते साहजिक आहे. पण त्या दोन वर्षांत गावच्या पोरांचे काय झाले, याचा हिशेब बहुतेक गावांनी मांडलेलाच नाही. किती मास्क वाटले, किती वेळा हायपोक्लोराइटची फवारणी झाली, कोणाकडून किती दंड घेतला याच्या पावत्या दप्तरात सापडतील. कोणते मूल किती महिने वहीपासून तुटले, कोणाची मुलगी त्या गडबडीत उजवून टाकली, कोणत्या घरचा कर्ता गेला आणि पोर कोणाच्या बांधावर राबायला गेले, हे विचारले तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आठवून बघा. मार्च २०२० च्या मध्याला शाळा बंद झाल्या. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली, त्या दिवशी नेमका गुढीपाडवा होता. आधी एकवीस दिवस म्हणून सांगितले, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. शहरात दुकाने बंद करता येतात, कचेऱ्या बंद करता येतात. शिवार बंद करता येत नाही. गाय सकाळी पान्हा सोडणारच. द्राक्षबागा काढणीला आलेल्या, कलिंगडे शेतात पडून, भाजीला गिऱ्हाईक नाही, आठवडी बाजार बंद. पुढे दुधाचा भाव लिटरला वीस रुपयांच्या आसपास घसरला आणि जुलै-ऑगस्टमध्ये दूध उत्पादकांना रस्त्यावर यावे लागले. साखर कारखान्यांवर लाखाहून अधिक ऊसतोड मजूर बायकापोरांसह अडकले होते. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना गावी जायची परवानगी मिळाली. आणि ते गावी पोचले तेव्हा कित्येक गावांनी वेशीवर बोरी-बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या.

या सगळ्यात घरातली पोरे कुठे होती? ती घरातच होती, आणि हीच खरी अडचण होती. कुणब्याच्या घराचा दिवस शाळेच्या घंटेवर बांधलेला असतो. पोरे शाळेत गेली की बाई शेतात जाते. दुपारची खिचडी शाळेत मिळते. पोरे परतायच्या आत ती भारा घेऊन घरी येते. घंटा थांबली आणि हा सगळा बेत मोडला. मुंबई-पुण्याहून आलेले भाऊ-भावजया, त्यांची लेकरे, शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढून घरात आलेली. दोन खोल्यांत दहा माणसे. चूल एक, पाणी भरणारी एक, आणि काळजी सगळ्यांची तिच्याच डोक्यावर. पुरुष माणूस दिवसभर घरात, हातात पैसा नाही, त्याचा राग कोणावर निघत होता ते प्रत्येक गल्लीला ठाऊक आहे. पोरांनी ते सगळे पाहिले.

मग आले मोबाईलवरचे शिक्षण. योजना वाईट नव्हती. दीक्षा ॲप होते, व्हॉट्सॲपवर अभ्यास यायचा, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. पण घरात मोबाईल एक, तोही बापाच्या खिशात, आणि बाप रानात. मोठ्याचा तास झाला की धाकट्याचा राहिला. रेंजसाठी पोरे टेकाडावर, पाण्याच्या टाकीवर चढायची. रिचार्ज संपला की अभ्यास संपला. ‘असर’ या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के झाले. म्हणजे तीन वर्षांत ते जवळपास दुप्पट झाले. आधीच कर्जात असलेल्या घरांनी हे फोन कशाकशातून घेतले असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. आता ‘मास्तर, पोरगं मोबाईल सोडत नाही, जेवतानासुद्धा लागतो’ अशी तक्रार प्रत्येक पालक सभेत ऐकू येते. तो मोबाईल पोराने चोरून आणलेला नाही. आपणच त्याच्या हातात दिला, अभ्यासासाठी दिला, आणि अभ्यास संपल्यावर परत घ्यायचा राहिला.

नुकसान किती झाले तेही बघू. तिसरीच्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येतो का, ही ‘असर’ची साधी कसोटी. २०१८ मध्ये ग्रामीण भारतात अशी मुले २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्के झाली. यावर कोणी म्हणेल, झाले की भरून! पण नीट वाचा. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले टाळेबंदीच्या वेळी तीन-चार वर्षांची, अंगणवाडीच्या वयाची होती. ज्यांची पहिली-दुसरी बुडाली ती पोरे वरच्या वर्गात सरकली. जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीत घातले, त्याला आपल्या राज्याच्या ग्रामीण भागात शाळेची वर्गखोली १ डिसेंबर २०२१ रोजी दिसली, तेव्हा तो दुसरीत होता. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस कुलूप. तेच मूल २०२५-२६ मध्ये सहावीत बसले. बाराखडीचे वय ज्याचे बांधावर गेले, त्याला सहावीचे विज्ञान कसे समजायचे? पेरणीचा वाफसा एकदा गेला की नंतर कितीही पाणी द्या, उगवण विरळच राहते. तरी नांगे भरता येतात. पण नांगे कुठे पडलेत हे आधी शेतात फिरून पाहावे लागते.

मुलींचा हिशेब तर आणखी कडू आहे. पन्नास माणसांत लग्न उरकते, मांडव नाही, मानपान नाही, खर्च कमी. मग कशाला थांबा, असा विचार अनेक घरांनी केला. शाळा बंद असल्याने मुलगी गैरहजर आहे हे मास्तरांना कळायची सोय नव्हती. कायद्याने गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि त्यांच्या मदतीला अंगणवाडी ताई. दोघांच्याही मागे तेव्हा सर्वेक्षणाची आणि विलगीकरणाची कामे होती. ज्या मुली तेव्हा चौदा-पंधराच्या होत्या त्यांतल्या काहींच्या कडेवर आज दोन लेकरे आहेत. त्यांचे शिक्षण परत सुरू करता येते, घरी बसून बाहेरून परीक्षेला बसता येते; पण त्यांच्या दारात जाऊन ते सांगणारे कोणी तरी हवे.

दुसरी लाट २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत खेड्यांत शिरली आणि घरचे कर्ते गेले. आई-वडील दोन्ही गमावलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची मुदतठेव ठेवली, केंद्राने पीएम केअर्समधून वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख देण्याचे ठरवले. पण गावात जास्त घरे अशी की बाप गेला, आई आहे. अशा मुलांना बालसंगोपन योजनेत दरमहा मदत मिळू शकते, ती २०२३ मध्ये २,२५० रुपये करण्यात आली. विधवा भगिनींना योजनांचा लाभ मिळावा म्हणून राज्याने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ आणले, तालुक्याला समिती केली. कागद कोणी करायचे, दाखले कोणी आणायचे, इथे घोडे अडले. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यामागे कोरोनात गेलेल्या तरण्याताठ्या माणसांची आठवण होती. गावाने मनावर घेतले तर काय होते याचा हा दाखला.

आणि असे दाखले आणखी आहेत. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळला ‘बोलकी शाळा’ म्हणून भोंग्यावरून धडे ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, येता-जाता पोरे वाचायची. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकांना क्यूआर कोड जोडायचे त्यांचे काम टाळेबंदीच्या कितीतरी आधीचे होते, म्हणून ते अडचणीत उपयोगी पडले. कितीतरी गावांत मास्तर, बाई मंदिराच्या ओट्यावर, पारावर, गोठ्याच्या पडवीत पाच-पाच पोरे घेऊन बसत होते. त्यांची नावे कोणत्याही यादीत आली नाहीत. त्याच वेळी त्यांचे सहकारी तपासणी नाक्यावर उभे होते आणि ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची घरे मोजत होते.

२०२० मध्ये ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्या प्लेगात आपले पणजोबा-खापरपणजोबा गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहिले. अडचण आली तर कुठे जायचे, ढोरे कुठे बांधायची, पाणी कोणत्या विहिरीचे, हे तेव्हाचे गाव ठरवत असे. आपण मात्र दरवेळी तालुक्याच्या आदेशाची वाट बघतो. शाळा बंद पडायला नवा विषाणूच लागतो असेही नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुराने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा-सोलापूरच्या अतिवृष्टीने पोरांच्या वह्या-पुस्तकांसह घरे धुऊन नेली. बैल गेला नि झोपा केला, हे किती वेळा करायचे?

म्हणून सरपंच, ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) आणि मुख्याध्यापकांना आमचे चार गोष्टींचे सांगणे आहे. पहिली, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला साधा परिच्छेद वाचता येतो का आणि भागाकार येतो का, याची यादी मागा. नावे जाहीर वाचू नका, पोराची मान खाली घालायची नाही, आकडा सांगा. दुसरी, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी एक तासाचा वर्ग लावा. गावात डी.एड. झालेली, बारावी शिकलेली पोरे-सुना आहेत. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणासाठीच असतो. त्यातून त्यांना मानधन देता येते का ते तपासा, दरवर्षी शिलाई मशीनच घ्यावी असा काही नियम नाही. तिसरी, ग्राम बालसंरक्षण समिती कागदावरून खाली उतरवा. बाप गमावलेली मुले, ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले, शाळा सुटलेल्या मुली यांची यादी आशाताई आणि अंगणवाडी ताईंना तोंडपाठ असते, ती फक्त विचारा. चौथी, शाळा महिनाभर बंद पडली तर पोरे कोणत्या वस्तीवर, कोणाच्या ओट्यावर, कोणाकडे बसतील आणि कोरडा शिधा कोण पोचवेल, हे आजच लिहून ठेवा. जुलै २०२१ मध्ये महिनाभर रुग्ण नसलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडायचे ठरले, तेव्हा सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या समितीचे काम आजही करता येते.

आणि शेतकरी बांधवांनो, मायबहिणींनो, घरातले काम मास्तर करू शकत नाहीत. ‘आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार’ हे म्हणणे सोडा. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ लिहिलेले असते. पन्नास किलोच्या पोत्यात नत्र पाच किलो, स्फुरद तेरा आणि पालाश तेरा, हे पोराकडून काढून घ्या; तुम्हालाही खताचा हिशेब कळेल. डेअरीची पावती, काटापट्टी, विजेचे बिल, सातबारा हे त्याला मोठ्याने वाचायला लावा. रात्री जेवणाच्या वेळी मोबाईल एका फडताळात ठेवा, आणि त्यात तुमचाही ठेवा. बाप रील बघत असताना पोराला पुस्तक धर म्हणून चालत नाही. शेतात मदत करू दे, त्यात कमीपणा नाही. पण वेचणी-काढणीच्या दिवसांत शाळा बुडवून नको.

आणखी एक. त्या दिवसांत पोरांनी घरात मरण पाहिले, आजोबांना गाडीतून नेलेले पाहिले आणि परत आलेले पाहिले नाही. त्याविषयी त्यांच्याशी बोलायला कोणाला सवड नव्हती. काही पोरे अजून रात्री दचकतात, काही उगाच चिडतात, काही गप्प असतात. त्यांना वेडे म्हणू नका, अंगारा-धुपारा करत बसू नका. जवळ बसवून आजोबांची गोष्ट सांगा, आणि गरज वाटली तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोला.

सरकारने भरपाई द्यावी, शिक्षकांची रिक्त पदे भरावीत, या मागण्या आहेतच आणि त्या आम्ही लावून धरू. पण पोराला धडा वाचता येतो की नाही हे पाहायला कोणत्याही मंजुरीची गरज नाही. आज रात्री जेवणे झाल्यावर त्याला हाच कागद वाचायला द्या. तो कुठे अडतो, ते शांतपणे ऐका. उद्या सकाळी शाळेत जाऊन तेवढेच मास्तरांना सांगा.