माझ्या अर्जावरची खोडलेली ओळ

आदरणीय मार्गदर्शक सर,



आपलं नाव इथे लिहीत नाही, कारण गाऱ्हाणं एकट्या आपल्याविषयी नाही. धान घरात आलं की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकमंडळ्या गावोगाव फिरतात, तशी हल्ली करिअर मार्गदर्शनाची शिबिरंही फिरू लागली आहेत. नाटकवाले निदान रात्रभर थांबतात. आपण दुपारी दोन तास बोललात, शाल-श्रीफळ घेतलंत आणि अंधार पडायच्या आत नागपूरच्या रस्त्याला लागलात. जंगलातला रस्ता आहे, वेळेवर निघालात ते बरंच केलंत. पण मागे जे राहिलं ते लिहिल्यावाचून मला चैन पडत नाही.

मी सिंदेवाही तालुक्यातला. बी.ए., वय 34. पोलीस भरतीत खुल्या गटाला 28 आणि मागासवर्गीयांना 33 वर्षांपर्यंत संधी असते. म्हणजे भरतीवाल्या पोरांच्या भाषेत माझं वय निघून गेलं.

वय असेतोवर माणूस बेकार नसतो सर, तो ‘तयारी करतोय’ असतो. पहाटे ग्राउंडवर 1600 मीटर पळायचं, गोळा फेकायचा, दिवसभर अभ्यासिकेत बसायचं. बाप चारचौघांत सांगू शकतो, पोरगं भरतीची तयारी करतंय. वय निघून जातं त्या दिवशी घरात काहीच बदलत नाही, फक्त सांगायला असलेलं ते उत्तर जातं. मग लग्नात पंगतीला बसायचं टाळलं जातं, जुना मित्र गावात आलाय कळलं की शेताकडे जावंसं वाटतं. रोवणीचे दिवस त्यातल्या त्यात बरे. बांधीत चिखलात वाकलेल्या माणसाला ‘सध्या काय चालू आहे?’ असं कोणी विचारत नाही.

अशा अवस्थेत मी आपल्या शिबिराला आलो. कोणी ओढून आणलं नव्हतं. दारातच एक अर्ज भरायला दिला. त्यात ‘अनुभव’ असा रकाना होता. मी लिहिलं : तेंदूपत्ता फळीवर मुनशी, दर हंगामात. आपल्यासोबत आलेल्या मुलानं ती ओळ वाचली, पेनानं आडवी रेघ मारली आणि म्हणाला, ‘हे नका लिहू. खरा अनुभव लिहा.’ शेजारी आपण उभे होतात. आपण पाहिलंत आणि हसलात. वाईट हेतूनं हसला नसाल. पण मला ते अजून विसरता येत नाही.

खरा अनुभव म्हणजे काय ते मी सांगतो. मे महिन्यात, चंद्रपूरचा पारा 46-47 वर असतो तेव्हा, फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, गावची माणसं पानं घेऊन येतात. 70 पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मुनशीनं पुडे मोजायचे, कमी पानांचा पुडा बाजूला काढायचा आणि तो ज्याचा आहे त्याला न दुखावता काढायचा. प्रत्येकाच्या कार्डावर नोंद करायची, वाळत टाकलेले पुडे वेळेवर पलटून घ्यायचे, ढग दिसले की जीव मुठीत धरून झाकाझाक करायची आणि शेवटी घरटी मजुरीचा हिशेब असा मांडायचा की कोणाला शंका राहू नये. हिशेब, माणसं आणि माल, तिन्ही एकाच वेळी सांभाळायचे. शहरातल्या गोदामात हेच काम करणाऱ्याला आपण व्यवस्थापक म्हणता.

त्यानंतर आपण स्टेजवरून म्हणालात की इथल्या मुलांनी कम्फर्ट झोन सोडला पाहिजे. सर, मे 2025 मध्ये आमच्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतरही माणसं जंगलात गेलीच, कारण पावसाळ्याआधीचा पैसा तोच असतो. कित्येक घरं हिवाळा सरता सरता तेलंगणात मिरची तोडायला जातात. आराम सोडायला सांगायचाच असेल तर आधी तो आमच्याकडे आहे की नाही हे बघायला हवं होतं.

प्रश्नोत्तरांत मी उठून विचारलं, ‘वय निघून गेलं, आता काय करू?’ आपण सभागृहाकडे वळून म्हणालात, ‘बघा, ही नकारात्मक मानसिकता!’ टाळ्या पडल्या. मी खाली बसलो.

मानसिकतेचं बोलू. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. एका जागेमागे दोनशेहून जास्त माणसं. खुल्या गटाला हजार रुपये शुल्क, आम्हाला नऊशे. या दहा लाखांनी रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो’ म्हटलं असतं, तरी जागा 4,644 च राहिल्या असत्या. पुढे 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना सहा हजार विद्यावेतन, पदवीधराला दहा हजार. सहा महिने, नंतर आणखी पाच. आमच्या गल्लीतली एक मुलगी त्यात होती, मन लावून काम केलं तिनं. अकरा महिने झाल्यावर घरी बसली. तिची मानसिकता कुठे कमी पडली? जागांचा हिशेब पोरांच्या स्वभावावर ढकलणं सोपं आहे, त्यात कोणत्याच खात्याला उत्तर द्यावं लागत नाही.

आपण उदाहरणं दिलीत ती सगळी अमेरिकेतली. आमच्या शेजारी नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे होते. शाळा तिसरीपर्यंत. 1983 च्या सुमारास धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी हेरल्या, निवडल्या, वर्षानुवर्षं जपल्या, त्यातून एचएमटी हे वाण आलं. आपण घरी जो भात खाता तो कदाचित तोच असेल. 2018 मध्ये ते गेले तेव्हा हलाखीतच होते, हेही सांगायला हवं होतं. आमच्या पोरांना फक्त जिंकलेल्यांच्या गोष्टी नकोत. काम चोख होऊनही पैसा दुसरीकडे कसा जातो, हे कळलं तर ती पुढचं पाऊल नीट टाकतील.

सगळ्यात जास्त लागलं ते आपलं शेवटचं वाक्य : ‘दिशा हवी असेल तर पुण्याला या.’ सर, आमच्या शेजारच्या मूल तालुक्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी 1967 मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिथे पुण्या-मुंबईची पोरं स्वतःला शोधायला येत आली आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 मध्ये ‘निर्माण’ सुरू केलं, तेही तरुणांना जगण्याचा हेतू सापडावा म्हणूनच. तुमच्याकडची मुलं दिशा शोधायला आमच्या जंगलात येतात, आणि आम्हाला तुम्ही पुण्याची गाडी दाखवता!

पुण्याला जाऊ नये असं मी म्हणत नाही. ज्याला जायचं त्यानं जावं. पण इथे काय आहे ते आपण पाहिलंतच नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती आलं. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची ग्रामसभा स्वतः बांबू विकते. गडचिरोलीत अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. त्यांना निविदा काढणारा, मोजणी करणारा, बँकेचा आणि मजुरीचा हिशेब चोख ठेवणारा माणूस लागतो. ती खोडलेली ओळ, सर, नेमकी तीच होती.

यातून पोट भरेल का, वर्षाचे किती महिने काम मिळेल, जीएसटीचा हिशेब कुठे शिकायचा, पगार ग्रामसभेनं द्यायचा की हंगामावर ठरवायचा, हे मला माहीत नाही. तेच विचारायला मी आलो होतो. मेंढ्यात सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावकऱ्यांसोबत अभ्यासगट चालवला. बाहेरचा माणूस माहिती आणायचा, सोबत बसून अभ्यास करायचा, निर्णय मात्र गावाचा. मार्गदर्शन म्हणतात ते इतकं जवळ घडलेलं असताना आम्हाला माइक, टाळ्या आणि शाल का मिळावी?

पुढच्या हंगामात पुन्हा येणार असाल तर विनंती आहे. आदल्या दिवशी या. एखाद्या ग्रामसभेत बसा, फळीवर उभे राहा. वय निघून गेलेल्यांची बैठक वेगळी घ्या, तिथे स्टेज नको. प्रत्येकाला आधी विचारा की तुला काय येतं, आणि जे सांगेल ते लिहून घ्या. सहा महिन्यांनी एकदा फोन करा. आणि अर्ज तपासणाऱ्या त्या मुलाला सांगा, रेघ मारू नको.

आपला,
वय निघून गेलेला एक उमेदवार
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर