फिरतें घर आणि खाचखळग्यांचा रस्ता

कालिदासाच्या शाकुंतलांत सातव्या अंकाच्या आरंभीं दुष्यंत राजा इंद्राच्या रथांतून खालीं येतो. चाकांचा आवाज नाहीं, धूळ उडत नाहीं, रथ उतरला हेंही कळत नाहीं. हें पाहून राजास नवल वाटतें. त्याचें कारण असें कीं, तो रथ भूमीस स्पर्शच करीत नाहीं. आपल्या गाड्यांस ती सोय नाहीं. त्यांस भूमीवरूनच जावें लागतें, आणि ती भूमि घोडबंदर रस्त्याची असेल तर तिचा प्रत्येक खळगा आंत बसलेल्यांच्या हाडांपर्यंत पोंचतो.

आज हा विषय घेण्यास कारण आहे. निजावयाचे बाक, लहानसें स्वयंपाकघर, पाण्याची टांकी व शौचकूप यांसह चालणारें जें मोटारींतलें घर, ज्यास कोणी कॅरव्हॅन व कोणी मोटरहोम म्हणतात, त्याचा विचार आपल्याकडेही होऊं लागला आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. वाघबीळच्या बाजूस राहणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबानें अशीच एक जुनी गाडी घेतली. हेतु चांगला होता. घरांतल्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींस वाटेंत आडवें होतां यावें, औषध व गरम पाणी वेळेवर मिळावें, आणि त्यांनीं सर्वांबरोबर वज्रेश्वरीस जावें. पण गायमुखचा घाट संपेपर्यंतच आजींची कंबर धरली. परत आल्यावर त्यांनीं सांगितलें, "तुम्ही जा, मी घर सांभाळीन." मुलांनीं आणखी जाड गादी आणली; त्रास वाढला. जी गाडी आजींकरितां घेतली, तिच्याचमुळें त्या एकट्या घरीं राहण्याची वेळ आली.

गादीनें त्रास कां वाढला हें समजलें म्हणजे पुढचा मार्ग सांपडतो. माणूस चालतो तेव्हां त्याचें शरीर सेकंदास साधारण दोन वेळां खालींवर होतें. त्याहून थोडा संथ हेलकावा बहुतेकांस सोसतो. सेकंदास चार ते आठ वेळां होणारें कंपन मात्र बसलेल्या माणसाच्या पोटास व पाठीस फार जाचतें, कारण आपलें धडही त्याच वेगानें डोलूं लागतें. जाड, मऊ फोमची गादी स्वतः सेकंदास सुमारें चार वेळां डोलते. म्हणून ती तोच धक्का कमी करण्याऐवजीं वाढवूं शकते. उलट, चार-पांच सेकंदांनीं एकदां येणारा फार संथ झोका मळमळ उत्पन्न करतो. तेव्हां गाडी केवळ मऊ करून भागत नाहीं. उपाय चाकाकडून वर येत यावा, गादीकडून खालीं जाऊं नये.

माजिवड्यापासून वरसाव्यापर्यंतचा हा रस्ता जणूं या शास्त्राची परीक्षाच आहे. उड्डाणपुलांच्या सांध्यांवर ठराविक अंतरानें धक्का बसतो. पेव्हर ब्लॉक घालून बुजविलेल्या जागीं गाडी थरथरते. खळग्यांत चाक आदळतें. गायमुखच्या वळणांवर गाडी कुशीवर झुकते. शिवाय जवाहरलाल नेहरू बंदराकडून गुजरातकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची घरघर सतत सोबतीस असते.

पहिला उपाय वजनाचा, आणि त्यास खर्च जवळजवळ नाहीं. गाडी सर्व सामान व पाणी भरून वजनकाट्यावर न्यावी. पुढील व मागील आंसाचा भार वेगवेगळा घ्यावा आणि कारखान्यानें ठरविलेल्या मर्यादेशीं ताडून पाहावा. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. दीडशे लिटरांची टांकी म्हणजे दोन धष्टपुष्ट माणसें. ही टांकी मागच्या चाकांच्याही पलीकडे टांगलेली असेल, तर प्रत्येक खळग्याबरोबर ती गाडीचें शेंपूट हलविते. जड वस्तु खालीं व दोन्ही आंसांच्या मधें, हलक्या वस्तु वर, हा नियम. मोठी टांकी अर्धी भरलेली असली कीं आंतील पाणी हेलकावे खातें. तिच्यांत आडपडदे आहेत कीं नाहींत हें विचारून घ्यावें. आमच्या या कुटुंबाच्या गाडींत मागच्या कपाटांत खलबत्ता, पाटा-वरवंटा व पितळेचा बंब निघाला. घरांतील सर्व घर गाडींत नेण्याची हौस सोडली पाहिजे.

दुसरा उपाय हवेचा. डनलप या पशुवैद्यानें १८८८ सालीं बेलफास्ट येथें आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेची रबरी धांव बसविली ती धक्के कमी व्हावे म्हणूनच. ती हवा हीच गाडीची पहिली गादी होय. पण पंपावरील मुलगा सवयीनें दगडासारखें टणक चाक करून देतो. हवा किती असावी हें अंदाजानें ठरवूं नये. आंसावरील प्रत्यक्ष भार आणि टायर बनविणाऱ्याचा तक्ता यांवरून ठरवावें, व चाक थंड असतांना मोजावें. तक्त्यापेक्षां कमी हवा ठेवून मऊपणा विकत घेऊं नये. भाराखालीं असा टायर तापतो व फुटतो. चाकांचा तोल आणि अलाइनमेंटही याच वेळीं पाहून घ्यावें.

तिसरा उपाय पाट्यांचा व शॉकअपचा. अशा गाड्या बहुधा मालवाहू किंवा प्रवासी टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात, व त्यांचे पाटे पूर्ण बोजा पेलण्यासाठीं ताठ केलेले असतात. पाटे धक्का झेलतात. शॉकअप त्या पाट्यांचें उसळणें थांबवितो. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदां खालींवर होऊन स्थिर व्हावी. तीन-चार वेळां डोलली तर शॉकअप संपला असें समजावें. त्यावर तेलाचा ओघळ दिसणें ही दुसरी खूण, आणि टायर ठिकठिकाणीं वाटीसारखा झिजणें ही तिसरी. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश फाटले असतील तर लोखंड लोखंडावर आदळतें. थोडक्या पैशांत होणारी ही दुरुस्ती कित्येकदां मोठ्या खर्चाहून अधिक गुण देते. पाट्यांस जोड म्हणून हवेच्या पिशव्या बसवितात; त्यांनीं गाडी समतल राहते, पण त्यांमुळें परवान्यांतील भारमर्यादा वाढत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं; मोठें काम काढण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें.

आतां आवाज. आवाज दोन वाटांनीं येतो: हवेंतून, आणि गाडीच्या अंगांतून. त्यांतही आपल्याच सामानाचा खडखडाट निराळा काढावा. एकानें गाडी हळू चालवावी, दुसऱ्यानें मागें बसून कान द्यावा व एकेक वस्तु हातानें दाबून पाहावी. डब्यांच्या मधें जुन्या लुगड्याच्या घड्या, ताटांच्या मधें कापड, कपाटांच्या दारांस रबराची पट्टी आणि खुंट्या-बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट, एवढ्यानें अर्धी कटकट मिटते, आणि हें काम घरांतल्या मुलांस देण्याजोगें आहे.

नंतर फटी. दाराच्या व खिडकीच्या कडा, तारा-नळ्यांचीं भोकें, इंजिनावरील झांकण हीं पाहावीं. भिंतीच्या शंभर भागांपैकीं एक भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही जाड केली तरी आवाज वीस डेसिबलांहून अधिक घटत नाहीं. म्हणून आधीं फट, मग भिंत. पत्रा ढोलासारखा वाजत असेल तर त्याच्या मध्यभागीं डांबरी किंवा ब्यूटाइलचा जड पट्टा चिकटवावा. सगळा पत्रा मढवून वजन वाढविण्याची बहुधा गरज पडत नाहीं. जमिनीवर जड रबरी थर व त्याखालीं फोम असला कीं चाकांची घरघर दबते.

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो व गळल्यास तळाशीं सांचतो. सिलिंडरच्या कप्प्यास तळाशीं जें भोक ठेवलेलें असतें तें आवाज येतो म्हणून कोणीही बुजवूं नये. वायुवीजनाचे झरोकेही तसेच मोकळे ठेवावे. शांततेपायीं जीव धोक्यांत घालण्यांत शहाणपण नाहीं.

शेवटीं बसण्याची जागा. मागच्या चाकांच्या पलीकडचा बाक झोंपण्यास प्रशस्त दिसतो, पण धक्का तेथेंच सर्वांत मोठा. हाडें ठिसूळ झालेल्या वृद्धांस गतिरोधकावरच्या एका उसळीनेंही मणक्यास इजा होऊं शकते. त्यांस दोन्ही आंसांच्या मधें, तोंड पुढें करून, पट्टा बांधून बसवावें; पाठीचें दुखणें असेल तर आधीं वैद्याचा सल्ला घ्यावा. गाडी चालत असतां कोणासही आडव्या बाकावर निजवूं नये. निजणें गाडी थांबल्यावर. आणि हांकणारानें खळगा दिसण्यापूर्वींच वेग कमी करावा. इतका स्वस्त उपाय दुसरा नाहीं, आणि इतका विसरला जाणाराही नाहीं.

त्या कुटुंबानें याच क्रमानें काम केलें. बंब व पाटा-वरवंटा घरीं परतले, टांकी पुढें सरकली, हवा मोजून भरली, दोन शॉकअप व बुश बदलले, आणि जाड गादी काढून मधल्या खुर्चीवर पातळ, घट्ट गादी आली. रस्ता आहे तसाच आहे, व धक्के नाहींसे झालेले नाहींत. तरी आजी प्रथम वरसाव्यापर्यंत जाऊन आल्या, आणि पुढल्या महिन्यांत वज्रेश्वरीस.

ज्या घरांत अशी गाडी घेण्याचा किंवा भाड्यानें आणण्याचा बेत असेल, त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, पाहावयास जातांना घरांतील सर्वांत वडील माणसास बरोबर न्यावें, त्यांच्या जागेवर आधीं स्वतः बसावें, आणि ती गाडी चांगल्या रस्त्यावर नव्हे, तर आपल्या नेहमींच्या रस्त्यावर चालवून पाहावी.