भाजी विकत घेतली म्हणजे पाप भाजीवाल्याचं?



परवा मंदिराच्या पायरीवर ओळखीच्या एका बाईंनी मला अडवलं. "या वयात माती उकरताय? किती जीव मरतात, विचार केलात का?" त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत बाजारातली हिरवीगार भेंडी. तेव्हा मी गप्प बसले. उत्तर इथे देते, कारण असं म्हणणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

हकीकत साधी आहे. इथे पाचूबंदरला आमच्या घरामागे एका कोळी बाईंचं परसू आहे. पाच माड, एक विहीर आणि उन्हातली अर्ध्या गुंठ्याची पट्टी. मुलं नोकरीला, त्यांचे गुडघे गेलेले. "पडूनच हाय, लाव ना बाय तू," म्हणाल्या. भाडं नाही, कागद नाही. बदल्यात माडांच्या आळ्यांत पाणी घालायचं. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला आणि दुसऱ्या दिवशी मी कुदळ हातात घेतली. पावसात माती जीवजंतूंनी भरलेली असते, तेव्हा खणायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. वसईच्या वाड्यांत वाल-पापडीचा हंगामही हिवाळ्याचाच, त्यामुळे काही अडलं नाही.

आता पापाचं बोलू. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात जमीन खणणं अनर्थदंडात घातलंय, हे मलाही कोणी ऐकवलं. पण तिथे निष्कारण खणण्याबद्दल म्हटलंय. चार घरांना पुरेल एवढी भाजी हे कारण नाही का? आणि असि, मसि, कृषि शिकवणारे ऋषभदेव आपलेच ना? सांगली-कोल्हापूरकडचे आपले जैन बांधव पिढ्यान् पिढ्या नांगर धरतात. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील त्याच समाजातले, आणि त्यांनी वसतिगृहातल्या मुलांना कुदळ-फावडं हातात घ्यायला लावलं. ते सगळे आपल्यापेक्षा कमी जैन?

मी बी.कॉम. आहे. आपला खर्च दुसऱ्याच्या वहीत मांडला म्हणून तो टळत नाही, एवढं मला कळतं. बाजारातल्या भेंडीसाठीही कोणीतरी जमीन खणलीच. तिच्या मुळाशी कदाचित हाडांचा चुरा पडला असेल, तो खत म्हणून सर्रास विकला जातो. वर फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. ती कपाशी होती, भाजी नव्हे, मान्य. पण पाठीवरचा पंप तसाच असतो. किडे किती मेले याची तर मोजदादच नाही. हे सगळं भाजीवाल्याच्या नावावर टाकून आपण हात धुवून पूजेला बसतो!

माझे हात स्वच्छ आहेत असं मी म्हणत नाही. पहिल्याच दिवशी कुदळीखाली गांडूळ तुटलं. दोन्ही तुकडे वळवळत होते. त्या रात्री प्रतिक्रमणात मिच्छामि दुक्कडम् म्हणताना मला पहिल्यांदाच नेमकं माहीत होतं की कोणाची क्षमा मागतेय. मग खणणं थांबवलं. आता वरून पालापाचोळा पसरते आणि बोटाने भोक पाडून बी टाकते. चवळीवर मावा आला. राख टाकून पाहिली, हटला नाही. शेवटी तो वेल त्यालाच सोडला. तोटा पदरी घेतला.

आणखी एक कुजबुज कानावर आली, "मासळीवाल्यांच्या परसात जैनाची भाजी?" याचा मात्र राग आला. त्या बाईंनी न सांगता माझ्या पट्टीत सुक्या मासळीचं खत घालणं बंद केलं. बोंबील वाळवायची परात उचलून पलीकडे नेली. आपल्यापैकी किती जणींनी शेजारणीच्या धर्मासाठी घरातली एक परात हलवली आहे?

अष्टमी-चतुर्दशीला मी तोडणी करत नाही. राहिलेली भेंडी जून होते, ती बियाणाला ठेवते. दोन वाट्या बी जमलंय. पायरीवरच्या बाईंसाठी एक पुडी बांधून ठेवली आहे. त्यांच्या गच्चीवर ऊन चांगलं येतं.