अंगणवाडीत दम्याचा धडा हवा, पण दोष आईच्या माथी नको

गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमधल्या अंगणवाडीत काही मुलं आठवड्यात दोन-तीन दिवस दिसतच नाहीत. ताईंना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "रात्रभर खोकत होता, आई वाफ द्यायला घेऊन गेली." वाफ म्हणजे खासगी दवाखान्यातलं नेब्युलायझर. दरवेळी पैसे मोजायचे, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा छाती घरघरते. आजाराचं नाव मात्र कुणी घेत नाही. मुलगी असेल तर नाहीच नाही. उद्या लग्नाला अडचण येईल, ही धास्ती चार वर्षांच्या पोरीच्या आईलाही असते.

जगातल्या दमा रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. आजार तोच, मग मरण इतकं जास्त का? निदान उशिरा होतं, योग्य औषध मिळत नाही आणि मिळालं तरी ते कसं घ्यायचं हे कुणी शिकवत नाही. यातला शिकवण्याचा भाग अंगणवाडीत होऊ शकतो.

त्यासाठी नवी योजना काढायची गरज नाही. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या सहा सेवांमध्ये आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आरोग्य शिक्षण आहेच. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करायची असते. त्याच्या आजारांच्या यादीत श्वासनलिका आकसण्याचा त्रासही आहे. पण पथक निघून गेल्यावर उरलेल्या दिवसांत मुलाकडे लक्ष कोण देणार?

आमच्या मते ताई आणि पालकांना तीन गोष्टी शिकवल्या तरी पुरे. पहिली, लक्षणं ओळखणं. वारंवार येणारा रात्रीचा खोकला, खेळताना लागणारी धाप, छातीतली शिट्टी. ताईंनी निदान करायचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत प्रत्येक घरघर दमा नसते. त्यांनी नोंद ठेवायची आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल धड बोलू शकत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठायचं.

दुसरी, पंपाची भीती घालवणं. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय" हे आम्ही घरोघरी ऐकतो. खरं तर पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून गोळी किंवा सिरपपेक्षा खूप कमी मात्रेत काम होतं. लहान मुलाला पंप स्पेसर आणि मास्क लावूनच द्यावा लागतो. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीपासून बनवलेला स्पेसरही नीट काम करतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं. तिसरी, रोजचा पंप आणि त्रास झाल्यावर घ्यायचा पंप यांतला फरक. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप स्वतःहून बंद केला, की महिन्याभरात वाफेची रांग पुन्हा सुरू होते.

हे फक्त भिंतीवर तक्ता लावून होणार नाही. अमेरिकेत गरीब घरांतल्या बालकांसाठी १९६५ पासून 'हेड स्टार्ट' ही सरकारी योजना चालते. बाल्टिमोर शहरातल्या या केंद्रांवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रातल्या माहितीला जिथे पालकांच्या घरी जाऊन शिकवण्याची जोड दिली, तिथे मुलांचा दमा जास्त आटोक्यात राहिला. घरभेट आपल्या ताईंना नवीन नाही. पण याच ताईंना डिसेंबर २०२३ मध्ये मानधनवाढीसाठी संपावर जावं लागलं होतं. नवं काम द्यायचं तर प्रशिक्षण आणि मोबदलाही द्यायला हवा.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. दमा शिक्षणाच्या नावाखाली आईलाच आरोपी केलं जातं. "मच्छर कॉइल लावू नका, धूर करू नका, घर हवेशीर ठेवा." सल्ला चुकीचा नाही. एकाच खोलीत मूल झोपत असेल, तर वंदनेची अगरबत्तीसुद्धा बाजूला ठेवावी आणि बिडी-सिगारेट दाराबाहेर जावी, हे आम्हीही सांगतो. पण गटार उघडं असताना कॉइल कशी सोडायची? दहा बाय दहाच्या खोलीला खिडकीच नसेल, तर हवा यायची कुठून? शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा धुरामुळे अवघ्या मुंबईला हा प्रश्न दिसला. इथली मुलं मात्र त्या हवेत रोज श्वास घेतात. शहराचा कचरा उचलणाऱ्या, वेचणाऱ्या दलित, मुस्लीम कष्टकऱ्यांची ही मुलं आहेत. कुणाच्या वाट्याला कोणती हवा येते, हेही या समाजाची उतरंडच ठरवते.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. अंगणवाडीत दम्याचं शिक्षण सुरू करा. त्याचबरोबर वस्तीजवळच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात दोन्ही पंप आणि स्पेसर मोफत आणि कायम उपलब्ध ठेवा, आणि वस्तीतल्या धुराचा जाब पालिकेने द्यावा. पंप कसा घ्यायचा हे शिकलेली आई दवाखान्याच्या खिडकीवरून "औषध संपलंय" ऐकून परतली, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय?