अम्मींना बर्फ दाखवायचा आहे

रजब लागला की आमच्या घरात कॅलेंडर भिंतीवरून खाली उतरतं. रमजानची तयारी, मुलांच्या परीक्षा, लग्नाच्या दावती, सगळं त्याच्यावरच मांडायचं असतं. या वर्षी त्यात एक भर पडली. अम्मी म्हणाल्या, "मला एकदा बर्फ बघायचाय. फ्रीजमधला नाही, आभाळातून पडलेला."

आम्ही शहापूरला राहतो. मोठ्या आपा मुरबाडला दिल्या आहेत. अम्मींचं माहेर शहापूर तालुक्यातल्याच एका पाड्याशेजारच्या गावात. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच तालुक्यात आहेत, तरीही एप्रिल उजाडला की कितीतरी गावपाडे टँकरची वाट बघतात. अम्मींनी लहानपणी डोक्यावर हंडे वाहिले. "पाणी डोंगरावर ढिगानं पडलेलं असतं आणि कुणी भरून नेत नाही, हे मला डोळ्यांनी बघायचंय," हे त्यांचं वाक्य ऐकल्यावर कुणालाच नाही म्हणता आलं नाही.

फक्त आपांनी एक शंका काढली. "बर्फ बघायला पैसे आहेत, मग उमऱ्याला का नाहीत?" शंका रास्त होती. अम्मी हसल्या. "हज तुझ्या अब्बांबरोबर झाला. तिथं अल्लाहनं ऊन दाखवलं. आता थंडी कशी केलीय तेवढी बघू दे." जकातीचा हिशेब आधी बाजूला काढायचा, कुणाची उसनवारी करायची नाही आणि उरलेल्यात बसेल तेवढाच सफर करायचा, असं ठरलं. आपाही तयार झाल्या.

ठिकाण ठरायला वेळ लागला नाही. अम्मींनी गुलमर्गचं नाव ऐकलं होतं. शिवाय काश्मीरात जेवणाची चौकशी करत फिरावं लागत नाही. आपांच्या नातवाला दहावीनंतर स्की शिकायचं होतं, त्याची सोयही तिथंच. अडलं ते तारखेवर.

मुलांनी लगेच तोडगा काढला. ३ एप्रिलला गुड फ्रायडे, ५ तारखेला रविवारी ईस्टर. गुरुवार आणि शनिवारची रजा टाकली की जोडून सुट्टी. मोबाइलवर हॉटेलं बघायलाही सुरुवात झाली. पण हा हिशेब मुंबई, ठाणे, पुणे, दिल्लीतल्या प्रत्येक घरात झालेला असतो. त्यात श्रीनगरची ट्यूलिप बाग साधारण मार्चच्या उत्तरार्धात उघडते आणि एप्रिलच्या मध्यापर्यंतच फुलं टिकतात. म्हणजे फुलं बघणारे, बर्फ बघणारे आणि सुट्टी मोजणारे, सगळे त्याच चार दिवसांत. युरोपातसुद्धा हेच चालतं. ईस्टर चंद्रावर ठरतो म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही येतो आणि तिथल्या स्कीच्या गावांमध्ये मोसमाच्या शेवटची मोठी गर्दी त्याच सुट्टीत होते.

गर्दी कशी असते हे आम्हा शहापूरकरांना शिकवावं लागत नाही. जोडून सुट्टी आली की नाशिक हायवेवर वाशिंद, आसनगाव इथं गाड्यांच्या रांगा लागतात. मुरबाडकडे माळशेजच्या रस्त्याचं पावसाळ्यात तेच होतं. आपण त्या रांगा घराच्या ओट्यावरून बघतो आणि म्हणतो, "या लोकांना दुसरा दिवस मिळत नाही का?" आता आपणच गुलमर्गच्या रस्त्यावर त्या रांगेत उभं राहायचं, आणि तेही गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला घेऊन?

त्याच संध्याकाळी आपांच्या सुनेनं दुसरी गोष्ट सांगितली. ती मुरबाडच्या एका शाळेत शिकवते. तिच्याबरोबर वसईच्या एक कॅथलिक बाई आहेत. गेल्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सुनेला रजा हवी होती, तेव्हा त्या बाईंनी तिचे सगळे तास घेतले. गुड फ्रायडेची सरकारी सुट्टी असते, पण त्यांच्यासाठी आदला पवित्र गुरुवार आणि शनिवारची रात्रीची प्रार्थनाही तेवढीच महत्त्वाची. दरवर्षी त्या दोन दिवसांची रजा त्या आधीच मागून ठेवतात. सून म्हणाली, "मी तेच दोन दिवस मागितले तर त्यांना मिळणार नाहीत. आपल्याला ते दिवस फिरायला हवेत, त्यांना इबादतीला."

सगळे गप्प झाले. आपल्यापैकी बऱ्याच जणांना गुड फ्रायडे म्हणजे बँक बंद एवढंच माहीत असतं. ख्रिस्ती घरांत तो दुःखाचा दिवस असतो, उपवासाचा असतो. त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ या वर्षी १८ फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी सुरू होतोय. चांद दिसला तर आपले रोजेही त्याच्याच दुसऱ्या दिवसापासून. एकाच शाळेच्या एकाच स्टाफरूममध्ये दोघी आपापले उपवास धरून बसणार. अशा वेळी आपल्या मौजेसाठी तिच्या सणाचा दिवस अडवायचा, हे मनाला पटेना. गुड फ्रायडेचा बेत तिथंच मिटला.

मग उरलेले पर्याय मांडले. रमजानच्या आधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत गेलं तर बर्फ भरपूर आणि स्कीचा खरा मोसम. पण दहावीच्या नातवाची परीक्षा तोंडावर. शिवाय अम्मींना त्या थंडीत न्यायला डॉक्टर राजी नव्हते. मे महिन्यात सगळ्यांना सुट्टी, पण तोवर गुलमर्गच्या मैदानात बर्फाऐवजी हिरवळ असते. बर्फ मिळतो तो वर अफरवतच्या बाजूला. गुलमर्गचा रोपवे, ज्याला तिथं गोंडोला म्हणतात, दोन टप्प्यांचा आहे. गुलमर्ग साधारण साडेआठ हजार फुटांवर, पहिला टप्पा कोंगडोरी दहा हजार फुटांच्या आसपास आणि दुसरा सुमारे तेरा हजार फुटांवर. दुसऱ्या टप्प्याला हवा विरळ असते. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी तिथं जायचं धाडस करू नये. म्हणजे मेमध्ये गेलो तर मुलं वर बर्फात खेळतील आणि जिच्यासाठी निघालो ती अम्मी खाली चहा पीत बसेल. शिवाय मे संपता संपता बकरी ईद.

इथं आम्हाला मशिदीतली एक गोष्ट आठवली. जमातीत कमजोर, आजारी, म्हातारी माणसं असतात म्हणून इमामानं नमाज लांबवू नये, अशी रसूलुल्लाह (स.) यांची ताकीद आहे. इमामाला कितीही लांब किरात येत असली, तरी त्यानं मागच्या सफेतल्या थकलेल्या माणसाचा विचार करायचा. सफरीचंही तसंच असावं. तारीख, गाडी, मुक्काम हे घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाकडे बघून ठरवायचं. हे पक्कं केल्यावर सगळं भराभर सुटत गेलं.

बेत असा ठरला. ईद साधारण २१ मार्चला. २४ तारखेला मंगळवारी निघायचं. रामनवमीच्या आधी शिर्डीच्या पालख्या आमच्याच हायवेनं पायी जात असतात. त्यांना आणि आपल्यालाही त्रास नको, म्हणून गाडी न काढता आसनगावहून लोकल. मुरबाडची मंडळी एसटीनं कल्याणला येतील. कल्याणला पंजाब मेल धरून दिल्ली, तिथून कटरा. कटऱ्याहून श्रीनगरला जून २०२५ पासून वंदे भारत सुरू झालीय, ती चिनाब नदीवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून जाते. जम्मूपासून घाटातला दिवसभराचा रस्ता त्यामुळे वाचतो. शुक्रवारचा जुमा हजरतबलला. शनिवारी अम्मींना आराम आणि जमलं तर ट्यूलिप. गुलमर्गला रविवारी दुपारी चढायचं, म्हणजे सुट्टीची गर्दी उतरत असेल. सोमवारची पूर्ण सकाळ बर्फासाठी. परतीला अम्मींच्या गुडघ्यांसाठी विमान, १ एप्रिलला. २ तारखेच्या गुरुवारी आमची सून शाळेत हजर, आणि वसईच्या बाई चर्चमध्ये.

धाकट्या दोघांच्या शाळेचा प्रश्न होताच. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा गेल्या वर्षी २५ एप्रिलपर्यंत चालल्या. त्यामुळे मार्चअखेर सहा दिवस बुडणार. कुणीतरी सुचवलं, "ताप आला म्हणून लिहून द्या." आम्ही नाही म्हटलं. सफरीची सुरुवात खोट्या अर्जानं करायची आणि वाटेत दुआ पढायची, हे कसं जमणार? आजीला घेऊन जातोय, बुडालेला अभ्यास करून घेऊ, असा खरा अर्ज दिला. मुख्याध्यापक थोडे नाराज झाले, पण अर्ज ठेवून घेतला.

ज्यांना असाच बेत करायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. रेल्वेचं आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. २४ मार्चच्या गाडीसाठी २३ जानेवारीला सकाळी आठला तयार राहावं लागेल. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढावं, गर्दीच्या दिवसांत ते जाण्याआधीच संपलेलं असतं. जम्मू-काश्मीरात बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या. गमबूट आणि जाड कोट विकत घेऊ नका, गुलमर्गच्या खाली तंगमर्गला भाड्यानं मिळतात. हातमोजे मात्र दोन जोड घ्या, एक भिजतोच. मार्चअखेर दुपारी बर्फ मऊ पडतो, म्हणून स्की शिकणाऱ्यांनी सकाळची वेळ धरावी. पहिल्यांदा शिकणाऱ्यानं शिकवणारा माणूस घेऊन सपाटीच्या उतारावरच राहावं. घोडा, स्लेज, गाइड, सगळ्यांचा दर बसण्याआधी बोलून घ्यावा आणि ठरलेला दर घासाघीस न करता द्यावा. नमाजेत कसर किती दिवस करायची, चामडी मोज्यांवर मसह कसा करायचा, हे मसले निघण्याआधी आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून घ्या. बर्फाच्या पाण्यानं वजू करायच्या वेळी पुस्तक शोधत बसू नका.

आता एक गोष्ट, जी टाळून पुढे जाता येत नाही. गेल्या वर्षी ईस्टर २० एप्रिलला होता आणि २२ तारखेला पहलगामच्या बैसरनमध्ये सव्वीस माणसं मारली गेली. त्यांतले तिघे आपल्याच जिल्ह्यातल्या डोंबिवलीचे. सुट्टी काढून, मुलाबाळांना घेऊन, आपल्यासारखाच बेत करून ते गेले होते. पर्यटकांना वाचवताना सय्यद आदिल हुसैन शाह हा तिथला घोडेवालाही मारला गेला. त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांना दुहेरी जड गेलं. दुःख सगळ्यांचं होतं, आणि वर कुणाकुणाच्या नजरेला उत्तरही द्यावं लागत होतं. अम्मींनी तेव्हा टीव्हीसमोर बसून फातिहा पढली आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यानंतर ४८ पर्यटनस्थळं बंद झाली, मग टप्प्याटप्प्यानं उघडत गेली. या वर्षी अम्मींना विचारलं, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "वाटते. पण त्या घोडेवाल्याच्या घरीही चूल पेटायला हवी ना." निघण्याआधी सरकारी सूचना बघायच्या, बंद असलेल्या जागी हट्टानं जायचं नाही आणि वेळ आली तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील, एवढं मात्र घरात सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय.

कोंगडोरीच्या पुढे अम्मी जाणार नाहीत. आपांचा नातू वर गेला तरी आमच्यापैकी एक जण त्यांच्याजवळ बसणार, हेही ठरलंय. अम्मींनी त्यासाठी एक स्टीलचा डबा वेगळा काढून ठेवलाय. त्यात बर्फ भरून आणणार म्हणतात. शहापूरला पोचेपर्यंत त्याचं पाणी होणार, हे त्यांना माहीत आहे. त्या म्हणतात, "पाणीच तर हवंय."

आमच्यासाठी दुआ करा. आसनगावला उतरलो की डब्याचं काय झालं ते इन्शाअल्लाह लिहूच.